मी लिहिलेला अकरावा परिच्छेद

"उठ गो. बाईंक बसूंक दी."

सर मान वर न करता म्हणाले. मी उठले. अंगात काळा कोट, गळ्याला पांढरा बँड, हातात मीच टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र. सकाळची तारीख करून नुकतीच कोर्टातून आले होते आणि सरांच्या टेबलासमोर बसून पानं लावत होते. दारात मांद्र्याच्या भाटकारीण बाई उभ्या होत्या. साठीच्या, इस्त्रीची साडी, हातात गाडीची किल्ली. बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांना माझीच हवी होती असं नाही. मी बसलेली असताना त्यांना आत यायचं नव्हतं.

"कोणाचें चेडूं हें?" त्यांनी सरांना विचारलं. मला नाही.

"लाटंबार्शें. मुंडकाराचें. पूण हुशार."

बाईंनी पर्समधून रुमाल काढला. मी बसले होते ती खुर्ची पुसली. सावकाश, कडेनं, पाठीसकट. मग बसल्या. आमची जात मी इथं लिहीत नाही. त्या रुमालाला ती न सांगता कळली होती.

मी उभीच राहिले. उभ्यानंच त्यांना त्यांचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. इंग्रजी वाचायचं आणि कोकणीत सांगायचं. अकराव्या परिच्छेदाशी आले तेव्हा बाईंनी हात वर केला. "परत वाच." मी परत वाचलं. त्या हसल्या. अगदी मनापासून.

"हें कोणें बरयलें?"

"हिणेंच," सर म्हणाले.

"बरें बरयलां. भितरली खबर भितरल्यांकूच आसता."

खुर्ची पुसली त्याची लाज वाटली नव्हती. तसली पुसापुशी लहानपणापासून बघत आले होते. लाज वाटली ती या कौतुकाची, आतली गोष्ट आतल्यालाच ठाऊक असते म्हणाल्या त्याची. तो परिच्छेद काय होता, तो मी कसा लिहिला, हे सांगायलाच हे लिहिते आहे.

आधी गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा. घर मुंडकाराचं, खालची माती भाटकाराची. कायद्यानं मुंडकाराला केव्हाच हक्क दिले. पण हक्क कागदावर येईपर्यंत माणूस भाटकाराच्या अंगणात म्हातारा होतो. घरावर पत्रे घालायचे, त्यांची ना हरकत. न्हाणीघर बांधायचं, ना हरकत. लाटंबार्शाला आमच्या घरात वीज यायची होती तेव्हा मी सातवीत होते. आई भाटकाराच्या घरी गेली. पुढच्या दारानं नाही, मागच्या. बाल्कांवात, म्हणजे घराच्या ओसरीवर, भाटकार पेपर वाचत होते. आईनं अर्ज पुढं केला. ते म्हणाले, "दवर थंय." ठेवला. मग आई त्यांच्याकडे काजू वेचायला गेली. मग चुलीची लाकडं फोडायला. मग त्यांच्या मुलीच्या लग्नात आठवडाभर भांडी घासायला. अर्ज तिथंच, बाल्कांवातल्या मेजावर, फुलदाणीखाली. सही झाली तेव्हा मी दहावीत होते. त्या दिवशी आईनं मला सांगितलं, "पाया पड तांच्या." मी पडले. दिवा लागला म्हणून आनंदही झाला. तो आनंद आठवला की आज माझाच मला राग येतो.

पुढे वकील झाले. कशी झाले ते वेगळं पुस्तक आहे. म्हापशात सरांच्या चेंबरमध्ये कनिष्ठ म्हणून लागले. सर मोठे वकील. दिवाणी दावे, आणि त्याहून जास्त डॉक्टरांची, रुग्णालयांची कामं. कोणी रुग्णानं तक्रार केली की डॉक्टर सरळ सरांकडे येत. माणूस कडक, पण शिकवायचे. रुग्णालयाचे कागद कसे वाचायचे ते मी त्यांच्याकडून शिकले. ते म्हणत, डॉक्टर काय लिहितो ते शेवटी वाच, नर्स काय लिहिते ते आधी वाच. नर्सला खोटं लिहायला वेळ नसतो. हे त्यांचं वाक्य मी आजही वापरते. त्यांचं सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की गोष्ट सोपी होते, आणि ती सोपी नव्हती.

चेंबरमध्ये आणखी दोन कनिष्ठ होते. त्यांना टेबलं होती. मला बांक. त्यावर अर्ध्या भागात जुन्या फायली, अर्ध्या भागात मी. पाच वर्षं.

मग विशांतीचं प्रकरण आलं. नाव बदललं आहे.

विशांती मांद्र्याची. वय अठ्ठावीस. मुंडकार घरातली सून. भाटकारीण बाईंनी किनाऱ्याजवळच्या आपल्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या, तिथं ती चादरी धुवायची. एक मुलगी होती, दुसरं मूल हवं होतं. अंगावरून जास्त जायला लागलं म्हणून बाईच तिला गाडीत घालून रुग्णालयात घेऊन गेल्या. खाजगी रुग्णालय. डॉक्टर बाईंच्या भावाचा मुलगा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं गर्भाशय काढलं. विशांतीला ते कळलं घरी आल्यावर, टाके काढायला गेली तेव्हा. नर्सनं सांगितलं, "आतां तुका त्रास ना. पिशवीच ना."

तिनं ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील नव्हता. अंगणवाडीतल्या बाईनं मराठीत लिहून दिलेली दोन पानं. शेवटचं वाक्य होतं: "मला विचारले नाही."

डॉक्टरांच्या वतीनं आम्ही. फाईल माझ्याकडे आली. सरांच्या शिकवणीप्रमाणे मी नर्सच्या नोंदी आधी वाचल्या. सकाळची नोंद: रुग्ण शुद्धीवर. नीट बोलते. मुलीची चौकशी करते. म्हणजे घाईगर्दीची, जीव जाण्याची वेळ नव्हती. विशांती खाटेवर जागी होती. संमतीपत्र उघडलं. सही भाटकारीण बाईंची. "रुग्णाशी नातं" या रकान्यात काय लिहिलं असेल? "भाटकारीण." कोणीतरी निळ्या शाईनं, सुरेख अक्षरात लिहिलं होतं. नर्सला ते विचित्र वाटलं नाही, डॉक्टरला नाही. खरं सांगते, पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं नाही. पान उलटलं आणि मग परत मागे आले.

चौकशी केल्यावर आणखी एक कळलं. बाईंना सहीसाठी बोलावलं होतं विशांतीच्या सासूनं. नर्सनं कागद पुढं केला तेव्हा म्हातारी घाबरली. तिच्या आयुष्यात असा कागद आला की त्यावर भाटकाराची सही लागते. विजेच्या अर्जावर लागली, पत्र्यांच्या अर्जावर लागली. याच्यावरही लागणारच. तिनं वऱ्हांड्यात जाऊन बाईंना हाक मारली. पडद्यापलीकडे सून जागी होती. माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं.

मी सरांना सांगितलं, "सर, ही केस कमजोर आहे. सज्ञान बाई शुद्धीवर असताना तिच्याशिवाय कोणाचीच संमती चालत नाही. नवऱ्याचीसुद्धा नाही."

सर म्हणाले, "कायदा मला माहीत आहे. तुला काय माहीत आहे ते लिही."

"म्हणजे?"

"मुंडकाराचं घर कसं चालतं ते. सासूनं सहीला भाटकारणीला का बोलावलं ते. आयोगाला पटेल असं लिही. मला नाही लिहिता यायचं. तुला येईल."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला असं काही म्हटलं होतं जे त्यांना येत नाही आणि मला येतं. मी हुरळले. दुसरा शब्द नाही. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी म्हणतात, तशी गेले. बांकावर बसून दिवसभर लिहिलं. पाचदा खोडलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत असं:

"तक्रारदाराचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सदर भाटकार कुटुंबाच्या आश्रयास आहे. वीज, घरदुरुस्ती, मुलांचा शाळाप्रवेश, लग्नकार्य अशा सर्व महत्त्वाच्या बाबींत भाटकारांची संमती हीच कुटुंबाची संमती मानण्याची प्रथा आहे. तक्रारदाराने या प्रथेस कधीही हरकत घेतलेली नाही."

अकरावा परिच्छेद. फुलदाणीखालचा तो अर्ज, आईनं फोडलेली लाकडं, सगळं मी त्यात घातलं होतं. फक्त उलटं करून. सर वाचून म्हणाले, "वा." दुसऱ्या दिवशी मला टेबल मिळालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. अर्थासहित, दोन गुणांसाठी.

डॉक्टरांचं तेच उत्तर पुढे साक्षीदार म्हणून बाईंच्या प्रतिज्ञापत्रात गेलं आणि त्या सही करायला चेंबरमध्ये आल्या. खुर्ची, रुमाल, शाबासकी. ते वर सांगितलंच.

त्याच आठवड्यात सरांनी माझ्या हातात तडजोडीचा कागद दिला. विशांतीनं तक्रार मागे घ्यायची. बदल्यात रुग्णालयात आयुष्यभर मोफत तपासणी, आणि घराचं छप्पर बदलायला बाईंची ना हरकत.

"तू जा," सर म्हणाले. "तुझ्याशी बोलेल ती. सगळं वाचून दाखवत बसू नको. सही घे आणि ये."

मांद्र्याला गेले. माडांमध्ये घर, छपरावर निळं प्लास्टिक, त्यावर दगड. मागच्या बाजूला दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. विशांती बारीक, उंच. कमरेला हात लावून उभी राहायची, अजून दुखत असावं. माझा कोट बघून तिनं पाटावरची परडी उचलली आणि मला बसायला दिलं. सासू उंबऱ्यावर.

"तूं कोणाचें गो, बाय?"

"लाटंबार्शें. मुंडकाराचें."

तिचा चेहरा जरा सैल झाला. मग तिनं विचारलं, "आनी आयलां कोणाखातीर?"

"डॉक्टराखातीर," मी म्हटलं.

म्हातारी मध्येच बोलली, "सही कर गो. छप्पर बदलूंक मेळटलें म्हणटा बाई. पावसाक दोनूच म्हयने आसात."

विशांती तिच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "वाचून दाखय."

"सगळें?"

"सगळें. आदल्या कागदार माका कोणें इचारलेंच ना. हांव थंयच आसलें. खाटीर. जितें."

मी वाचलं. एकेक ओळ, तिच्या बोलीत. "यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" तेसुद्धा. वाचून झालं आणि तिनं पेनासाठी हात पुढं केला नाही, मी पेन दिलं नाही. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. सही करण्याआधी तुझा स्वतःचा वकील कर. आणि रुग्णालयाकडून तुझे सगळे कागद मागून घे, ते तुझे आहेत, त्यांना द्यावेच लागतात. समोरच्या बाजूच्या वकिलाला एवढं सांगता येतं. त्याच्या पुढचं येत नाही. नर्सनं काय लिहिलंय ते माझ्या ओठांवर होतं आणि मी गिळलं.

अकरावा परिच्छेदही गिळला. तो नियमासाठी नाही. भीतीनं.

चेंबरमध्ये परत येऊन तो कागद सहीविनाच सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सहीची जागा बघितली, मग मला.

"तिला काय सांगितलंस?"

"वाचून दाखवलं. आणि वकील कर म्हटलं."

सर ओरडले नाहीत. चष्मा काढून ठेवला. दुसरे दोघे कनिष्ठ मान खाली घालून टाईप करत होते आणि टाईप होत नव्हतं. सर म्हणाले, "तुम्हाला कितीही वर घ्या. शेवटी आपल्या वळणावर जाता."

तुम्हाला. मी एकटी उभी होते, आणि मला ते नेहमी 'तू' म्हणायचे. हा आदर नव्हता. हे अनेकवचन होतं. माझी आई, विशांती, ती म्हातारी, लाटंबार्शाची सगळी वाडी त्या एका शब्दात त्यांनी उभी केली आणि हाकलली.

मी म्हटलं, "सर, मी उद्यापासून येणार नाही."

"जा. अकरावा परिच्छेद हांगाच रावतलो."

मी टेबलावरच्या माझ्या वस्तू पिशवीत भरल्या. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटत होतं. पायऱ्या उतरताना छाती ताठ होती. आज त्या बाईला, म्हणजे मलाच, थांबवून एक मुस्काटात द्यावीशी वाटते. कारण परिच्छेद तिथंच राहणार, हे सर बरोबर बोलले होते.

विशांतीनं सही केली नाही. वकील केला. कागद मिळवले. नर्सची नोंद आयोगापुढे आली. मला वाटलं, जिंकली. निकालाच्या दिवशी मी मागच्या बांकावर जाऊन बसले, साध्या कपड्यांत. तिच्या बाजूनं मी उभी राहू शकत नव्हते, आजही शकत नाही. एकदा एका बाजूचं मीठ खाल्लेल्या वकिलाला त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूला जाता येत नाही. हा नियम चांगला आहे. त्या दिवशी तो मला नको होता.

तक्रार फेटाळली. सासूनं उलटतपासणीत कबूल केलं होतं, "हय, हांवेंच आपयली बाईंक. आमचीं सगळीं कागदां तींच करतात." आणि त्याला जोडून निकालात अकरावा परिच्छेद जसाच्या तसा उतरवला होता. माझा स्वल्पविरामसुद्धा. "तक्रारदाराने या प्रथेस कधीही हरकत घेतलेली नाही." शेजारच्या बांकावर विशांतीनं वकिलाला विचारलं, कितें म्हणटा? त्यानं सांगितलं. ती उठून नळावर गेली आणि पाणी पिऊन आली.

मी चार दिवसांनी मांद्र्याला गेले. चादरी तशाच. छपरावर प्लास्टिक तसंच. मी तिला म्हटलं, "तो परिच्छेद मी लिहिला." हे सांगणंही नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. सांगितलं.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तूवें बरयलें?"

"हय."

"तुका कोणें धमकी दिल्ली?"

"ना."

"मग कित्याक?"

टेबल मिळालं म्हणून. कौतुक झालं म्हणून. यातलं काही तोंडातून निघालं नाही. रडू आलं, तेही मी दाबलं, कारण मी रडले असते तर तिला मला समजवावं लागलं असतं.

"वच आतां," ती म्हणाली. "माका चादरी काडपाच्यो आसात."

मी गेले. तिनं मला माफ केलेलं नाही. करावं असं मला वाटतही नाही.

आता डिचोलीत माझी स्वतःची खोली आहे, कोर्टापासून चालत पाच मिनिटं. मुंडकारांचे दावे घेते. रुग्णालयांविरुद्धची कामं घेते, रुग्णांच्या बाजूनं, फक्त त्याच बाजूनं. बाया येतात, नार्व्याहून, लाटंबार्शाहून, सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातूनही. बरोबर कोणीतरी येतं, दीर, मालक, सरपंच, आणि तोच बोलायला लागतो. मी त्याला बाहेर बसवते. राग येतो लोकांना. येऊ दे. बाई एकटी उरली की आधी दाराकडेच बघते. तिला विचारायची सवय नाही कोणाला, सांगायची सवय तिला नाही.

हे सगळं बरं वाटतं ऐकायला. म्हणून पुढचंही सांगते.

मागच्या महिन्यात माझ्या एका पक्षकार बाईचं प्रकरण होतं. काजूच्या कारखान्यात काम करणारी. नसबंदीच्या कागदावर मुकादमाची सही. समोरचा वकील तरुण, माझ्या ओळखीचा नाही. त्यानं दाखला म्हणून एक जुना निकाल पुढं केला आणि वाचायला लागला. पहिल्या दोन वाक्यांतच मी ओळखलं. पिढ्यान्‌पिढ्या. आश्रयास. प्रथा. तो चांगलं वाचत होता, जिथं थांबायला हवं तिथं थांबत होता. थांबण्याच्या जागा मीच ठेवल्या होत्या. माझी पक्षकार बाई ऐकत होती, इंग्रजी कळत नसूनही मान हलवत होती, कारण काळ्या कोटातला माणूस बोलत होता.

नंतर मी शोधलं. तो निकाल आणखी प्रकरणांत वापरला गेलाय. मालक, मुकादम, घरमालकीण, ज्यांनी ज्यांनी दुसऱ्याच्या शरीरासाठी सही केली त्यांच्या कामाला माझा परिच्छेद येतो. विशांतीचं अपील पडून आहे. त्याची तारीख लागेपर्यंत तो चालत राहणार, कदाचित नंतरही.

त्या दिवशी त्याचं वाचून झाल्यावर मला विचारलं गेलं, "यावर आपलं म्हणणं?"

मी उठले. म्हटलं, "प्रथा होती, हे खरं आहे. मी त्याच प्रथेत वाढले. हरकत घेतली नाही असं लिहिलंय, पण हरकत घ्यायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. या बाईला विचारलं नाही. त्या बाईलाही विचारलं नव्हतं. हा परिच्छेद चुकीचा आहे आणि तो लिहिणाऱ्याला तो लिहिताना माहीत होतं."

समोरचा वकील हसून म्हणाला, "लिहिणाऱ्याच्या मनातलं आपल्याला कसं ठाऊक?"

मी मुकादमाच्या सहीचा कागद पुढं केला. त्या प्रकरणाचा निकाल अजून यायचा आहे. कदाचित हरेन. तो परिच्छेद भक्कम आहे, मी तो भक्कम बांधला. पण ज्या कोर्टात, ज्या आयोगात तो वाचला जाईल आणि मला कळेल, तिथं मी जाणार, वकीलपत्र असेल तर बोलणार, नसेल तर जी वकील असेल तिला तो कुठून फुटतो ते दाखवणार. सर जिवंत आहेत, म्हापशाला भेटतात, नमस्कार करतात. मीही करते. त्यांना मी हेच सांगितलंय, रस्त्यात उभं राहून. लिहिला मी. मोडणारही मीच.